प्रकल्प नोंदी : सहा स्टेल्थ विमानं, एक फळी

७ जानेवारी

आज फक्त मॉडेलांचं प्रमाण ठरलं. त्याला अडीच तास लागले.

आम्ही पाच जण. काका (आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर काम केलेले), ताई (एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची छोटी बंदूक, तिच्याशिवाय कोणी हातात धरायचा नाही असा अलिखित नियम), डॉक्टर (दातांचे), धाकटा (कॉलेजात आहे, घाईत आहे) आणि नोंदी लिहिणारा मी. आजवर प्रत्येकाने आपापल्या टेबलावर आपापली विमानांची प्लास्टिक मॉडेलं केली. या वेळी एकत्र करायचं आणि एकाच फळीवर मांडायचं : रडारला चकवणाऱ्या विमानांचा वंशवृक्ष. हॅव ब्लू (एफ-११७ च्या आधीचं चाचणीचं विमान), एफ-११७, बी-२, वायएफ-२३, एफ-२२.

धाकट्याचं म्हणणं, बी-२ पुरतं १/१४४ घेऊ, कारण १/७२ मध्ये ते टेबलावर मावत नाही. खऱ्या बी-२ च्या पंखांचा पसारा ५२.४ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जवळजवळ ७३ सेंटिमीटर. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण काकांनी कागदावर दोन रेघा ओढल्या. एफ-११७ ची लांबी २०.०९ मीटर, बी-२ ची २१.०३. १/७२ मध्ये दोघांत फरक जेमतेम १३ मिलिमीटर! नाकापासून शेपटीपर्यंत दोघं सारखीच आणि पंख मात्र चौपट. हे नजरेला दिसायचं असेल तर सगळी एकाच प्रमाणात हवीत. नाहीतर ती फळी कशाला, कपाटच बरं.

ठरलं. सगळं १/७२.

१४ जानेवारी

कामं वाटली. हॅव ब्लू काकांकडे, कारण ते प्लास्टिक शीट कापून मुळापासून करायचं आहे. एफ-११७ धाकट्याकडे, वायएफ-२३ ताईकडे, एफ-२२ डॉक्टरांकडे. बी-२ माझ्याकडे आलं, कारण सर्वांत मोठं टेबल माझं.

काकांनी पिशवीतून जुनं, कडेला गोंदाचे पिवळे डाग पडलेलं एक मॉडेल काढलं. टेस्टर्स या मॉडेल-कंपनीचं एफ-१९! धाकट्याने हे नावच ऐकलेलं नव्हतं. १९८६ मध्ये टेस्टर्सने हे किट बाजारात आणलं, तेव्हा एफ-११७ उडून पाच वर्षं झाली होती, पण ते आहे हे सरकार कबूल करत नव्हतं. जॉन अँड्र्यूज या डिझायनरने बातम्या, तर्क आणि रडारबद्दलची समज यांची मोट बांधून हे विमान कल्पनेने उभं केलं : गुळगुळीत, गोलसर, शेपटीवर आत झुकलेले दोन कल्ले (उभे पंख). गुपित फुटलं की काय म्हणून प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेलं. १० नोव्हेंबर १९८८ ला पेंटागॉनने एक धूसर फोटो दाखवला तेव्हा कळलं की खरं विमान अजिबात तसं नव्हतं. गोलाई नावालाही नाही, सगळे सपाट पैलू.

काकांचं म्हणणं, हे फळीवर हवंच. मी म्हटलं, पण हे १/४८ आहे, आत्ताच आपण सगळं १/७२ ठरवलं.

"अरे, खोट्याला प्रमाण कसलं?" काका म्हणाले. विषय संपला. सहावं विमान आत.

२१ जानेवारी

हॅव ब्लूचा कागदी नमुना.

या विमानाचं बाजारात किट शोधत बसण्यापेक्षा काकांनी थेट आराखडा उलगडायला घेतला. सगळे पृष्ठभाग सपाट असल्यामुळे हे शक्य होतं. आपण शाळेत पुठ्ठ्याचा घन किंवा पिरॅमिड उलगडायचो तसंच. जाड कागदावर रेघा, दुमडायच्या जागी बोथट सुरीची खूण, आणि मग घडी. पहिला नमुना अर्ध्या तासात उभा राहिला आणि उभा राहताच डावीकडे कलला. एक त्रिकोण दीड मिलिमीटर मोठा होता. सपाट पैलूंच्या आकारात चूक लपत नाही, ती पुढच्या पैलूला जाते, तिथून त्याच्या पुढच्याला, आणि शेवटच्या सांध्यावर सगळी एकदम वसूल होते.

दुसरा नमुना बरा. तिसरा सरळ. त्यावरून आता अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटवर कापायचं. पंखांचा पसारा फक्त ९५ मिलिमीटर, बी-२ च्या शेजारी चिमणीएवढं.

धाकट्याने विचारलं की मुळात सपाट का केलं, हवेला तर गोल आवडतं. उत्तर असं की हिशेब करता येत होता तो सपाट पैलूंचाच. प्योतर उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये कडांवरून लाटा कशा विखुरतात याचं गणित प्रसिद्ध केलं होतं. एफ-११७ बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीच्या डेनिस ओव्हरहोल्सरने ते उचलून इको-१ नावाचा संगणक प्रोग्रॅम बनवला. सत्तरच्या दशकातल्या संगणकांना वळणदार पृष्ठभाग झेपत नव्हते, म्हणून पैलू. म्हणजे विमानाचा आकार हवेने नाही, संगणकाच्या कुवतीने ठरवला! उडवण्याचं दुखणं मग फ्लाय-बाय-वायरवर, म्हणजे संगणकामार्फत चालणाऱ्या नियंत्रणावर सोपवलं.

४ फेब्रुवारी

आज काम कमी, गप्पा जास्त. पण गप्पा कामाच्या होत्या म्हणून लिहून ठेवतो.

मॉडेल हा मोठ्यांचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : स्टेल्थ विमानाचा जन्मच मॉडेलमधून झाला. १९७५ मध्ये लॉकहीडने दहा फुटी लाकडी मॉडेल करून खांबावर चढवलं आणि रडारने मोजलं. आकार चारी बाजूंनी कापलेल्या हिऱ्यासारखा, आणि उडण्याची आशा इतकी कमी की इंजिनिअरांनी त्याला 'होपलेस डायमंड' म्हणायला सुरुवात केली. लॉकहीडच्या गुप्त विमान-विभागाचे प्रमुख बेन रिच यांची आठवण प्रसिद्ध आहे. रडारवरच्या माणसाला पडद्यावर काही दिसेना, त्याला वाटलं मॉडेल खांबावरून पडलं. मग अचानक ठिपका उमटला, कारण मॉडेलवर एक काळा पक्षी येऊन बसला होता.

यात मॉडेलवाल्यांना आवडेल असा एक बारकावा आहे. मॉडेल लहान केलं की रडारची लाटही त्याच पटीत लहान करावी लागते, नाहीतर मोजमाप फसतं. एक-तृतीयांश मॉडेल असेल तर वारंवारता तिप्पट. म्हणजे प्रमाण फक्त प्लास्टिकला नसतं, पाहणाऱ्यालाही असतं. १० गिगाहर्ट्झच्या रडारची लाट ३ सेंटिमीटरची. आमच्या १/७२ च्या जगात ती ०.४ मिलिमीटर. डॉक्टरांनी लगेच दातांच्या हत्याराचं टोक दाखवून सांगितलं की एवढंच. तेव्हापासून आमच्यात 'एक लाट' हे माप रूढ झालंय. "सांध्यात अर्धी लाट फट आहे" वगैरे.

११ फेब्रुवारी

वाईट दिवस.

धाकट्याने एफ-११७ चे वरचे-खालचे अर्धे भाग चिकटवून आणले होते. किटमध्ये हा सांधा नेमका बाजूच्या धारेवर येतो, जिथे वरचे पैलू आणि खालचे पैलू एकमेकांना भेटतात. साध्या विमानात सांधा पोटाच्या गोलाईवर येतो. पुट्टी भरा, घासा, बोट फिरवून पाहा, गुळगुळीत लागलं की झालं. त्याने तेच केलं. स्पंजाचा सँडिंग पॅड घेतला आणि सांधा बोटाला लागेनासा होईपर्यंत घासला.

सांधा गेला. धारही गेली.

लांबून कळत नव्हतं. ताईने मॉडेल डोळ्यांच्या रेषेत धरून दिव्याकडे फिरवलं आणि गप्प बसली. नाकापासून पंखाच्या टोकापर्यंत धार साबणाच्या वडीसारखी झाली होती, कुठे जास्त, कुठे कमी. चारदा पाण्यात भिजलेली वडी.

काका म्हणाले, "हे बघ, स्पंज वळतो. वळणारी वस्तू कंगोरा खाते. सपाट पैलूला सपाटच हत्यार पाहिजे." मग त्यांनी काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून दाखवला : हत्यार टेबलावर स्थिर, मॉडेल त्यावर फिरवायचं, एका वेळी एकच पैलू, शेजारच्या पैलूवर मास्किंग टेपचे दोन थर. टेपला कागद लागला की थांबायचं. हे त्याला आधी सांगायला हवं होतं. आम्ही सगळे तिथे होतो आणि कोणालाच सुचलं नाही, ही चूक त्याच्या एकट्याची नाही. पण तसं कोणी मोठ्याने म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो.

धार परत उभी करता येईल का, यावर चर्चा. सुपरग्लूचा थर देऊन, ताजा असतानाच घासून धार काढता येते, कारण दिवसभर ठेवलं तर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि मग आजूबाजूचं प्लास्टिकच आधी झिजतं. पण इतक्या लांब धारेवर ते सरळ येईल याची खात्री कोणी देईना. दुसरं किट घ्यायचं ठरलं. बिघडलेलं फेकू नकोस, रंगाच्या चाचण्यांना होईल, असं ताईने त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही.

२५ फेब्रुवारी

बी-२.

दोन भलेमोठे तुकडे, वर आणि खाली, आणि दोन्ही किंचित पिळलेले. किट नवीन असो की जुनं, एवढा मोठा पातळ तुकडा सरळ निघत नाही. गोंद न लावता जुळवून पाहिलं तर मधोमध बसतं आणि टोकाला तीन मिलिमीटर तोंड उघडतं. जोर लावून चिकटवलं तर बसेल, पण पंख कायमचा ताणात राहील आणि महिनाभराने रंगावर केसासारखी चीर येईल. मागे एका बॉम्बरवर हे भोगलंय. म्हणून गरम पाण्यात धरून हळूहळू सरळ केलं, मग आतून प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आधार, मग मधल्या भागापासून सुरुवात करून एका वेळी चार बोटं एवढीच लांबी चिकटवली. पातळ सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) ब्रशने फटीच्या तोंडाशी टेकवायचं, ते आपणच आत ओढलं जातं. मग पुढच्या चार बोटांना हात लावण्याआधी चांगला वेळ थांबायचं. दोन दिवस गेले. खिडकी उघडी ठेवली तरी डोकं जड झालं.

थांबायच्या वेळात हे विमान न्याहाळायला मिळालं. पैलू नाहीत, सगळीकडे सलग बदलत जाणारी गोलाई. तोवर संगणक सुधारले होते. पण वरून पाहिलं तर कडा मात्र दोनच दिशांच्या. पुढच्या दोन कडा आणि मागची ती करवतीसारखी वळणं, सगळ्या रेघा त्या दोन दिशांना समांतर. गुण्या आणि पट्टी घेऊन किट तपासलं. किटवाल्यांनी प्रामाणिकपणा केलाय, एक रेघ सोडून.

आणि पंखांचा पसारा १७२ फूट, बरोबर तेवढाच, जेवढा बी-२ बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप याच्या १९४७ च्या वायबी-४९ या नुसत्या पंखाच्या विमानाचा होता. त्याच्या उडत्या पंखाचा प्रकल्प गुंडाळला गेला, तो कंपनीतून बाहेर पडला. १९८० मध्ये, म्हातारपणी, आजारी असताना, खास परवानगीने त्याला एका बंद खोलीत एक वस्तू दाखवण्यात आली. ती वस्तू म्हणजे या विमानाचं मॉडेल. पुढच्या वर्षी तो गेला. खरं बी-२ उडालं १७ जुलै १९८९ ला. त्याने पाहिलं ते मॉडेलच.

हे मी सांधा पकडून बसलेलो असताना काकांनी सांगितलं. हात हलवता येत नव्हता, ते बरंच झालं.

३ मार्च

हॅव ब्लूला चाकं नाहीत. म्हणजे प्लास्टिक शीटमधून पाय करायचे तर करता येतील, पण १/७२ मध्ये ते काडीसारखे दिसतात. डॉक्टरांच्या जुन्या तुकड्यांच्या डब्यात एक मोडकं एफ-५ निघालं. त्याचे पाय लावले, चपखल बसले.

बसणारच होते! खऱ्या हॅव ब्लूलाही एफ-५ चेच पाय होते. उड्डाणाची नियंत्रण व्यवस्था एफ-१६ ची. पुढे एफ-११७ करताना चाकांचे पाय एफ-१५ कडून आले आणि इंजिन एफ/ए-१८ च्या घराण्यातलं, एफ-४०४. काही बचतीसाठी, काही घाईसाठी, आणि काही यासाठी की नवीन सुटे भाग मागवले तर कोणीतरी विचारेल, हे कशासाठी. म्हणजे जगातलं सर्वांत गुप्त विमान उरल्यासुरल्या तुकड्यांच्या डब्यातून केलेलं होतं. किटबॅशिंग (एका किटचे तुकडे दुसऱ्याला लावणं) आपण करतो तेव्हा मात्र शुद्धतावादी नाक मुरडतात.

आज काका फार खुशीत होते.

१० मार्च

समांतरपणाचा दिवस. ताई आणि डॉक्टर आमनेसामने बसले होते, मध्ये कोनमापक.

वायएफ-२३ चा पंख पतंगासारखा : पुढची कड ४० अंश मागे, मागची कड तितकीच पुढे. शेपटीचे दोन मोठे कल्ले बाहेर झुकलेले, त्यांच्याही कडा वरून पाहिल्यास त्याच रेघांत. कल्ला अर्धा अंश चुकीचा चिकटला तर कोणत्याही साध्या विमानात खपून जातं. इथे नाही. डोळा लगेच पकडतो, कारण शेजारी तुलना करायला पंख असतो. ताईने पुठ्ठ्याचा साचा कापला, कल्ले त्यात अडकवले, मगच गोंद. तरी एकदा काढून पुन्हा लावले.

एफ-२२ चं दुखणं वेगळं. कडा ४२ अंशांच्या आणि नीट बसतात, पण शस्त्रकप्प्यांच्या आणि चाकांच्या झाकणांच्या करवती दातांची टोकं किटमध्ये बोथट. डॉक्टरांनी दातांचं स्केलर काढलं आणि चोवीस दात एकेक करून कोरले. "हे पेशंट हलत नाहीत," म्हणाले.

(नव्या लढाऊ विमानाच्या स्पर्धेत वायएफ-२३ हरलं याचं ताईला अजूनही वाईट वाटतं. दोनच बनली, पहिलं २७ ऑगस्ट १९९० ला उडालं. ती गडद रंगाचं पहिलं करतेय. स्पर्धा जिंकलेलं एफ-२२ तिच्या शेजारी ठेवायचं नाही अशी अट आहे.)

१७ मार्च

एफ-११७ नंबर दोन जुळलं. या वेळी धाकट्याने काचेवर, टेप लावून, एकेक पैलू घासला. तीन आठवडे लावले. धारेवर नख फिरवलं तर ओरखडा उठेल अशी आहे.

हवा आत घेणाऱ्या तोंडांवरची जाळी : खऱ्या विमानात तिचे डोळे रडारच्या लाटेपेक्षा लहान असतात, हवा जाते पण लाटेला ती भिंत वाटते. किटमध्ये नुसत्या ठोकळ चौकटी होत्या. बारीक नायलॉनचं कापड ताणून मागून लावलं. अर्ध्या लाटेच्या आत!

कॅनोपीला (वैमानिकावरच्या काचेला) सोनेरी झाक : पारदर्शक पिवळ्यात धुरकट रंगाचा एक थेंब. दोन थेंब पडले की चहाच्या रंगाची होते. पहिली तशी झाली, धुऊन काढली.

नाकाच्या पुढच्या चार सुया अजून लावलेल्या नाहीत. त्या शेवटी. आत्ता लावल्या तर कोणाची तरी बाही अडकणार.

१८ मार्च

धाकट्याने उत्साहात रात्री सुया लावल्या. सकाळी तीन उरल्या.

३१ मार्च

काळा.

आम्हाला वाटत होतं की रंगाचा भाग सोपा आहे. चार विमानं काळी, एक राखाडी, एक छलावरणाची. पहिल्या हॅव ब्लूला (उड्डाण १ डिसेंबर १९७७) तीन रंगांचे पट्टे होते, पैलू नजरेला ओळखू येऊ नयेत म्हणून. ते काकांनी ब्रशने सुंदर केले, त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

काळ्यांवर लिहिण्यासारखं आहे. प्रत्येकाने घरी आपल्याकडचा काळा मारून आणला होता. फळीवर ठेवले तर चार जण चार गावचे. धाकट्याचं एफ-११७ कोळशासारखं, त्यात पैलूच दिसेनात. माझं बी-२ निळसर. ताईचं वायएफ-२३ तपकिरीकडे झुकलेलं. काकांचं जुनं एफ-१९ चकचकीत, बुटाच्या पॉलिशसारखं.

ताईने आधीच सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. निव्वळ काळा मॉडेलवर कधीच मारायचा नाही. खरं विमान पन्नास पावलांवरून पाहिलं तर मधली हवा त्याचा काळेपणा फिका करते, आणि मॉडेल आपण हातभर अंतरावरून पाहतो. शिवाय निव्वळ काळ्याखाली सावलीला जागाच उरत नाही. सगळं आधीच सावली. आणि बी-२ तर काळं नाहीच, गडद राखाडी आहे. फोटोत आकाशापुढे काळं दिसतं एवढंच.

मग तिने रंगांची पाटी केली. बिघडलेल्या एफ-११७ च्या पोटावर नऊ चौकोन, काळ्यात राखाडी वाढवत नेलेले. काळ्याच्या अगदी जवळचा, चौथा चौकोन एफ-११७ साठी. सातवा बी-२ साठी. पाचव्यात किंचित तपकिरी घालून वायएफ-२३. एफ-१९ ला हात लावायचा नाही, असा काकांचा हुकूम.

७ एप्रिल

सगळं घासून पुन्हा रंगवलं. एका बरणीत मूळ मिश्रण, एकाच हाताने, एकाच दाबाने. तरी दोन विमानांत फरक आला! शोधत गेलो तर खालचा प्रायमर (रंगाआधीचा थर) वेगळा होता, एकाचा राखाडी, एकाचा काळा. पातळ थरातून खालचा बोलतो.

एफ-११७ चा प्रत्येक पैलू अगदी सूक्ष्म फरकाने वेगळा केलाय, मधे किंचित उजळ, कडेला मूळ रंग. फार केलं तर बुद्धिबळाचा पट होतो. ताईने दोन ठिकाणी केला, मग त्यावर धुकं मारून मिटवला.

एफ-२२ चा धातूसारखा झळकणारा राखाडी डॉक्टरांनी तीन बैठकांत केला. कोनानुसार बदलतो. ते खूश, मी साशंक.

१४ एप्रिल

हा दिवस मुद्दाम सविस्तर.

डिकाल (विमानावरच्या खुणांचे पातळ स्टिकर) लावण्याआधी सगळ्यांवर ग्लॉस वार्निश मारलं. मॅटवर थेट डिकाल लावलं तर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डिकालखाली चंदेरी चकाकी येते, म्हणून आधी चकचकीत, मग डिकाल, मग शेवटी मॅट. बिघडलेल्या एफ-११७ वरही ताईने सवयीने ग्लॉस मारला. एअरब्रशमध्ये ग्लॉस उरला होता, बाकी कारण काही नाही.

तेवढ्यात दिवे गेले.

धाकट्याने टॉर्च लावला आणि कानाशी धरून टेबलाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "काका, माझं विमान कुठे गेलं?"

नवीन एफ-११७ टेबलावरच होतं, पण टॉर्चच्या उजेडात ते जवळजवळ दिसत नव्हतं. प्रत्येक चकचकीत पैलू प्रकाश घेत होता आणि भलतीकडे फेकत होता, छताकडे, जमिनीकडे, ज्याच्या हातात टॉर्च आहे त्याच्याकडे मात्र नाही. काकांनी मॉडेल फिरत्या तबकडीवर ठेवलं, डोळ्यांच्या उंचीवर आणलं, आणि हळूहळू फिरवलं. अंधार, अंधार, मग पंखाची अख्खी कड एका क्षणात विजेच्या रेघेसारखी लखलखली, पुन्हा अंधार. बी-२ ठेवलं. तसंच. दोन दिशांना दोन झळा, त्यात मागच्या पुढच्या समांतर कडा एकदम, आणि मधे काही नाही. डॉक्टरांच्या डब्यातलं एक जुनं साधं लढाऊ विमान ठेवलं, तर ते नाताळच्या झाडासारखं. पोटाची गोलाई कुठूनही चमकते, आणि पंख व शेपटी जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा तर आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. कल्ले झुकलेले का असतात हे मी शंभरदा वाचलंय. दिसलं आज.

मग धाकट्याने स्वतःहून ते बिघडलेलं एफ-११७ तबकडीवर ठेवलं.

तेच किट, तोच आकार, तेच वार्निश. पण ज्या धारेवर स्पंज फिरला होता ती धार चमकत होती. गोलाई एकसारखी नाही, हाताने घासलेली, म्हणून कधी नाकाजवळ, कधी पंखाच्या मुळाशी, कधी टोकाच्या कोपऱ्यावर. तबकडी पूर्ण फिरली तरी एक ना एक ठिपका आमच्याकडे पाहत राहिला. अर्ध्या मिलिमीटरची गोलाई. फार तर सव्वा लाट.

दिवे आले तेव्हा कोणीतरी ते पुन्हा घालवले.

२१ एप्रिल

भांडण.

मॅट मारायची वेळ आली आणि धाकटा अडून बसला की एफ-११७ वर मारायचं नाही. मॅट मारलं की उजेड सगळीकडे सारखा विखुरतो, मग टॉर्चचा खेळ संपला, विमान नुसतं काळं दिसणार. ताई म्हणाली की चकचकीत एफ-११७ खेळण्यासारखं दिसतं आणि इतक्या आठवड्यांची माझी सावली त्यात मरते. दोघांचंही बरोबर. डॉक्टरांनी सुचवलं की एक बाजू मॅट, एक बाजू ग्लॉस. दोघंही एकदम त्यांच्यावर तुटून पडले, तेवढ्यापुरती एकी झाली.

बाकी चारांवर मॅट मारून घेतलं. हवा दमट होती, बी-२ च्या डाव्या पंखावर पांढुरकी साय आली. दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत पुन्हा हलका हात मारल्यावर बरीचशी गेली. बरीचशी. खऱ्या विमानावर लेप दुरुस्त केल्याच्या खुणा असतातच, असं मी म्हणतोय. दमट हवेने खऱ्या बी-२ चाही घात केलाय : २००८ मध्ये गुआम बेटावर एक उड्डाण करतानाच कोसळलं, हवेचा दाब मोजणाऱ्या संवेदकांत ओल शिरली होती. वैमानिक वाचले. एकवीस बनली होती, त्यातलं एक. माझी साय त्या मानाने स्वस्त.

एफ-११७ चं काय, ते पुढच्या वेळेवर.

२८ एप्रिल

फळी मांडली. बी-२ मागे, आडवं, सगळ्यांवर पंख पसरून. त्याच्या एका पंखाखाली हॅव ब्लू, तिरकं, नाक बाहेर. एफ-२२ आणि वायएफ-२३ फळीच्या दोन टोकांना, ताईच्या अटीप्रमाणे. एफ-१९ कोपऱ्यात, जरा उंचावर, त्याचे गोंदाचे डाग तसेच.

चांगल्या एफ-११७ वर ताईने मॅट मारलं, धाकट्याने स्वतः मास्क लावून तिला मॉडेल धरून दिलं. त्याच्याशेजारी बिघडलेलं ठेवलं, चकचकीत, पोटावर नऊ चौकोन तसेच. त्यासाठी छोटी फिरती तबकडी काकांनी केली. टॉर्च दोरीने फळीला बांधलाय, नाहीतर कोणी घेऊन जाईल.

तुलनेला चकचकीत पण धार शाबूत असलेलंही हवं, नाहीतर पाहणाऱ्याला कळणार काय? धाकटा म्हणतो, तिसरं किट मी करतो. काच आणि पॉलिश पेपर तो आजच घरी घेऊन गेला.

चौथी सुई अजून सापडलेली नाही. ताणलेल्या स्प्रूची (किटच्या चौकटीच्या प्लास्टिकची) लावली आहे, इतरांपेक्षा केसभर जाड.